मिठाची गुळणी

हानुसने तो ओल्या लोकरी पिशवीतून काढून टेबलावर ठेवला.
त्र्याण्णव सालचा लॅपटॉप, करडा, पाटासारखा जड,
तुटक्या बिजागरीला जाळ्याची निळी दोरी.
"चालू होत नाही," म्हणाला. एवढंच.
मग दारातून वळून,
"बापाचा सगळा हिशेब आहे त्यात.
बोटीत कोणाचा किती वाटा, कोणाकडे किती येणं.
एकदा रोईला कळू दे."

रोई रात्री आला.
शेगडीशी बूट वाळवत बसला,
वाऱ्यावर सुकवलेलं मटण चाकूने पातळ कापून मला दिलं,
आणि निघताना,
"जुनी यंत्रं ती. नाही उठलं तर नाही उठलं.
तुला कोण दोष देणार?"

फुग्लाफ्योरच्या बंदरात सगळ्यांना सगळं ठाऊक असतं
आणि ठाऊक नसल्यासारखं वागायची रीत आहे.
मी तीस वर्षं बोटींवरचे रेडिओ दुरुस्त केले.
मला बाजू नाही. मीटर आहे.

आधी सोपं ते.
अडॅप्टर: अठरा व्होल्ट, शहाण्यासारखे.
बॅटरी काढून ठेवली, तिची शिवण उकलली होती.
बटण अर्धा मिनिट दाबून धरलं.
फ्यूजला मीटर लावला, तो बीप म्हणाला, म्हणजे शाबूत.
आणि यंत्र? हूं नाही की चूं नाही.
मिठाची गुळणी धरून बसलेला साक्षीदार.

मग एकवीस स्क्रू.
बावीस असायला हवे होते.
माझ्याआधी कोणीतरी आत जाऊन आलं होतं.

उघडलं तर खरोखरच मीठ, समुद्राचं, कोपऱ्याकोपऱ्यात.
घड्याळाच्या इवल्या बॅटरीभोवती हिरवा कळंक,
आणि सहा कपॅसिटर, पायाशी ओले.
तापलेलं टोक टेकवताच तो वास: सडक्या मासळीचा.
पाझरलेल्या कपॅसिटरना येतो तो, कुठेही येतो,
जिथे समुद्र कोणी पाहिला नाही तिथेही.
पण इथे मी खिडकी उघडली
आणि आतला कुठला, बाहेरचा कुठला, कळेना.

नवे सहा डेन्मार्कहून यायला नऊ दिवस लागले.
तेवढ्यात हानुस दुकानात चारदा भेटला, दर वेळी दूध घेताना.
रोई एकदाही नाही.
फक्त एका सकाळी दाराशी एक कॉड, साफ केलेला,
कोणाचं नाव नाही.

खोटं कशाला बोलू, मनात आलं:
झाकली मूठ सव्वा लाखाची.
सोल्डरचा एक थेंब जास्त पडला तर
कोण तपासायला बसणार आहे?
हात मात्र ऐकेनात.
ते आपले गंजाने खाल्लेल्या तांब्याच्या रेषेवर
केसाएवढ्या तारेचा पूल बांधत होते.

बटण दाबलं.
काही नाही.

पहाटेचे दोन, कॉफी गार, पुन्हा सगळं शेवटाकडून सुरुवातीकडे,
आणि सापडलं ते एवढंसं:
झाकण उघडं आहे की मिटलेलं, हे सांगणारी तिळाएवढी कळ
चिकटून बसली होती.
यंत्राला वाटत होतं, आपण अजून मिटलेलेच आहोत.
टाचणीने उचकली.

बीप.
हार्ड डिस्क कण्हत फिरू लागली,
थांबली, मी बोटाने टिचकी मारली, पुन्हा फिरली.
पडद्यावर अक्षरं:
तारीख हरवली आहे. एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी.
पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा.

ऐंशी साली हानुस अकराचा, रोई नऊचा.
बापाचं ते वाईट वर्ष. दोघांत रबरी बुटांची एकच जोडी.
पाऊस असला की एकाआड एक शाळेत यायचे,
आणि आलेला आपल्या वहीत
दुसऱ्याचाही गृहपाठ उतरवून न्यायचा,
मागच्या पानांवर, नीट अक्षरात.
मी शेजारच्या बाकावर होते.

फोन हातात घेतलाय. दोन्ही नंबर पाठ आहेत.
पहिला कोणाला?
कर्सर लुकलुकतोय.
मी अजून काही दाबलेलं नाही.